परकोट्यातले लिनक्स

विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना अटींवर आणखी एक वर्ष मिळाले, पण त्याने प्रश्न पुढे ढकलला गेला इतकेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला, पडदा स्वच्छ, कीबोर्ड शाबूत, घरात कुणाच्या तरी अभ्यासाला रोज लागणारा लॅपटॉप एका ठरलेल्या दिवशी कालबाह्य झाला. त्यात बिघडले काहीच नव्हते.

जयपूरच्या जुन्या शहराला इथली माणसे चारदीवारी म्हणतात, नाहीतर परकोटा. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी पायाभरणी झालेल्या, २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या या तटबंदीच्या आत चालती वस्तू टाकून देण्याची रीत नाही. मणिहारोंच्या रस्त्यावर लाखेची बांगडी तडकली तर ती पुन्हा निखाऱ्यावर धरतात. ठठेरोंच्या रस्त्यावर पोचा आलेले पितळेचे भांडे ठोकून सरळ करून मिळते. किशनपोल, चांदपोलच्या आतल्या गल्ल्यांत आणि तटाबाहेर एम. आय. रोडवरच्या जयंती मार्केटच्या बाजूला मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचे गाळे आहेत, तिथेही हाच हिशेब चालतो. नोकरीच्या निमित्ताने मी पुरानी बस्तीच्या चौकडीत राहू लागले तेव्हापासून अशा एका गाळ्यावर माझे जाणे-येणे आहे. गाळा दोन माणसे उभी राहिली की भरतो. मालक तिशीतला, शिक्षण बारावीपर्यंतचे, हात सोनाराचे. काउंटरखालच्या डब्यात तो पेन ड्राइव्ह ठेवतो आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहितो. त्यातल्या दोन-तीन कायम लिनक्स या मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या असतात.

तो जे करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. समोर बी.कॉम.ची विद्यार्थिनी, तिचा पाचव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, आत फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. विंडोज सुरू व्हायला एवढा वेळ घेते की ती मधल्या वेळात चहा करून येते, असे तिने सांगितले. मालकाने मागचे झाकण उघडले, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, तिची कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली, जुनी डिस्क काढून त्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवली. मग पेन ड्राइव्ह खोचून एफ-१२ दाबले आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ‘लाइव्ह’ सुरू केली. यंत्रावर अजून काहीही लिहिले गेलेले नाही, सगळे पेन ड्राइव्हवरून चालते आहे. वाय-फाय दिसेना. ही इथली नेहमीची अडचण: वाय-फायची चिप ब्रॉडकॉमची, तिचा ड्रायव्हर मुक्त नाही, म्हणून तो वेगळा घ्यावा लागतो, आणि घ्यायचा तर बहुधा इंटरनेट लागते. त्याने स्वतःचा फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केले, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, यादीतल्या नावावर टिचकी मारली. दोन मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्या दुकानांची वाय-फाय नावे पडद्यावर आली. मुलीने कॅमेरा पाहिला, आवाज पाहिला, एक व्हिडिओ लावला, कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन आली. मगच त्याने ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवले.

आधी वापरून बघा, पटले तर ठेवा, हा व्यवहार मला फार आवडतो. बाजारातली दुसरी कुठली ऑपरेटिंग सिस्टिम गिऱ्हाइकाला इतक्या सरळपणे हे करू देते? शिवाय त्या पेन ड्राइव्हमध्ये जे आहे ते खरोखर मिंटच्या मंडळींनीच बनवलेले आहे की मधे कुणी हात मारला आहे, हेही तपासता येते. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवल्यावर ‘एसएचए-२५६-सम’ ही कमांड चालवायची. ती चौसष्ट अक्षरांचा एक ठसा काढते. प्रकल्पाने जाहीर केलेल्या ठशाशी तो अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. गाळ्याच्या मालकाला हे मी दाखवले तेव्हापासून तो प्रत्येक नवी फाइल अशी पडताळूनच पेन ड्राइव्हवर चढवतो. कुणी सांगितले म्हणून विश्वास ठेवायचा नाही, स्वतः मोजून बघायचे, ही सवय म्हणजे या सगळ्या छंदाचा गाभा आहे असे माझे मत आहे.

छंदच म्हणायला हवा. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी जे करते त्यातले निम्मे तरी गरजेपोटी नसते. पॅनेल खालून डावीकडे न्यायचे, खिडक्या एकमेकींना चिकटून फरशीसारख्या बसतील असे शॉर्टकट लावायचे, एक्सएफसीई सोडून महिनाभर केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपवर राहायचे, मग पुन्हा परत यायचे. कधी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरशी खेळताना पडदा काळा पडतो. अशा वेळी कंट्रोल-आल्ट-एफ-३ दाबले की अक्षरांचा साधा कन्सोल उघडतो, तिथून चूक शोधून निस्तरायची किंवा ‘टाइमशिफ्ट’ने कालच्या स्थितीला परत न्यायचे. काळा पडदा पुन्हा उजळतो तेव्हा होणारा आनंद ज्याने स्वतः सायकलची चेन बसवली आहे त्याला समजावून सांगावा लागणार नाही. यंत्राने काय केले, का केले, कुठे अडले, हे लॉगमध्ये लिहिलेले असते. वाचता येते. न कळले तर ज्याने तो भाग लिहिला त्याचे नाव आणि त्याने केलेला प्रत्येक बदल तारखेसह समोर असतो.

या मोकळेपणाची सुरुवात सांगायची तर १९८३ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली: कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि पुढे वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. १९९२ मध्ये त्याने तिचा ‘लिनक्स’ हा गाभा जीएनयूच्या जीपीएल परवान्याखाली आणला. त्या परवान्याची अट साधी आणि करारी आहे. बदल करून वाटायचे असेल तर बदललेला सोर्स कोडही द्यायचा.

भारतात हे लोण घरोघर पोचले ते मासिकांबरोबर आलेल्या सीडींमुळे. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायला सुरुवात केली. डायल-अपच्या त्या दिवसांत शेकडो एमबी उतरवून घेणे कुणाच्याच आवाक्यातले नव्हते, म्हणून ती सीडी हाच मार्ग होता. त्या उपक्रमामागचे मोठे नाव अतुल चिटणीस यांचे. १९६२ मध्ये बर्लिनमध्ये जन्म, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावात, कर्मभूमी बंगळुरू. २००१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद उभी केली, तीच पुढे ‘फॉस डॉट इन’ झाली. भारतीय मुलांनी हे सॉफ्टवेअर वापरण्यावर थांबू नये, त्यात लिहावे, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत राहिला. २०१३ मध्ये ते गेले. बेळगावने मराठीला साहित्यिक, गायक दिले हे आपण वारंवार वाचतो. या यादीत चिटणीसांचे नाव घेतले गेलेले माझ्या वाचनात आलेले नाही, आणि ते यायला हवे.

पुण्यात २००३ पासून सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नुनिफाय’ भरू लागले, पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या साथीने. दरवर्षी फेब्रुवारीत तिथे विद्यार्थी लॅपटॉप पाठीवर टाकून यायचे आणि एकमेकांच्या यंत्रांवर लिनक्स चढवून द्यायचे. उबुंटू या लिनक्सच्याच एका रूपाची सीडी तर २००५ पासून काही वर्षे पोस्टाने फुकट येत असे. पत्ता भरायचा, काही आठवड्यांनी परदेशी शिक्क्याचे पाकीट दारात, आत सीडी आणि कधी चिकटवायला स्टिकर. २०११ मध्ये ती योजना थांबली. तोवर लहान गावांतल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या हाताने घातली होती ती त्या पाकिटामुळे.

पण लिनक्स मिळणे वेगळे आणि त्यात मराठी दिसणे वेगळे.

देवनागरी पडद्यावर नीट उमटायला तीन थर जुळावे लागतात: अक्षरांचे संकेतांक, त्यांची जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा आणि फॉन्ट. २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या ‘इंडलिनक्स’ने या कामाला तोंड फोडले. मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीएसटीत, र. कृ. जोशी होते. कवी, सुलेखनकार, अक्षररचनाकार. मायक्रोसॉफ्टच्या ‘मंगल’ फॉन्टमागे त्यांचाच हात होता, आणि जीपीएलखाली मोकळा झालेला ‘रघू’ही त्यांचाच. एकाच माणसाने बंद आणि मोकळ्या दोन्ही घरांत देवनागरीचा दिवा लावला, ही गोष्ट मला मोठी वाटते. २००४ मध्ये पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेले फॉन्ट रेड हॅटने ‘लोहित’ या नावाने मोकळे केले. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या एका अख्ख्या पिढीने लोहितमध्येच वाचले. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही कुटुंबे मोकळ्या परवान्यावर दिली, तेव्हापासून मराठी पडदा देखणाही झाला.

मराठीचे स्वतःचे असे काही हट्ट आहेत आणि ते रास्त आहेत. हिंदीचा ल आणि मराठीचा ल वेगळा, शचेही तसेच. चांगला फॉन्ट दोन्ही वळणे पोटात ठेवतो आणि मजकूर मराठी आहे असे सांगितले की मराठी वळण देतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र हिंदीला लागतच नाही. त्याला युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबायचे, मग डी म्हणजे हलन्त, मग यसाठी तिरकी रेघ, मग कान्यासाठी ई, ‘ऱ्या’ तयार. चार खटके. लिनक्सवर ही कळरचना आधीपासून असते, विकत घ्यावी लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडायचे, आयबस ही टंकनाची प्रणाली सुरू करायची, बस्स. मी हा लेख त्याच कळांवर टंकते आहे. डाव्या हाताकडे स्वर, उजवीकडे व्यंजने, अशी शास्त्रशुद्ध मांडणी असलेला हा कीबोर्ड सरकारी मानकाचा भाग होऊन तीन दशके उलटली. तरी मराठी घरांत रोमन लिपीत टंकून मराठी उमटवण्याचाच पायंडा पडला आहे. इनस्क्रिप्टला एक आठवडा द्यावा, आयुष्यभर पुरतो.

स्वतः मोजून बघण्याच्या त्याच सवयीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेकडे आता येते; तिच्यासाठीच चारदीवारीत पर्यटक गर्दी करतात. जंतरमंतर माझ्या खोलीपासून पायी अंतरावर आहे. मराठी वाचकाला जयसिंह म्हटले की पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे आठवतात. हे जयपूर वसवणारे सवाई जयसिंह त्यांचे खापरपणतू, थोरल्या बाजीरावांचे समकालीन. राजकारणाइतकेच किंवा त्याहून जास्त त्यांचे चित्त आकाशात होते. त्यांनी आधी परंपरेप्रमाणे पितळेची यंत्रे करवली. ती लहान, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकते, खुणा बारीक करता येत नाहीत, अशी तक्रार त्यांच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. म्हणून दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी, मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या, कारण एका जागचे निरीक्षण दुसऱ्या जागी पडताळता यायला हवे. मथुरेची आज उरलेली नाही.

जयपूरच्या बृहत् सम्राट यंत्राची भिंत सुमारे २७ मीटर उंच, तिची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे इथल्या अक्षांशाइतकी, जवळजवळ २७ अंशांत उभी. दोन्ही बाजूंच्या दगडी कमानींवर तिची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. मिनिटाभरात चार बोटांहून थोडी कमी. उभे राहून पाहिले तर सावली चालताना दिसते. कमानीवरची सर्वांत बारीक खूण दोन सेकंदांची आहे.

घरी लिनक्सवर माझ्याकडे ‘स्टेलॅरियम’ आहे. फ्रेंच प्रोग्रॅमर फाबिएं शेरो याने २००० मध्ये सुरू केलेले हे मोकळे तारांगण, जीपीएलखालचे. आज जगभरची माणसे त्यात भर घालतात. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्टेलॅरियम’ एवढ्या ओळीत ते यंत्रावर येते. मी लघु सम्राट यंत्रापाशी जाते, कारण मोठ्याच्या कमानीला पर्यटकांना इतके जवळ जाता येत नाही. लघु यंत्र वीस सेकंदांपर्यंत वेळ सांगते. सावलीच्या कडेचा फोटो काढायचा, फोनच्या घड्याळाची वेळ टिपायची, मग घरी येऊन स्टेलॅरियममध्ये तोच अक्षांश-रेखांश, तोच क्षण घालायचा आणि सूर्य मध्यान्हरेषेपासून किती ढळला होता ते वाचायचे.

घड्याळ आणि यंत्र कधीच एक वेळ सांगत नाहीत, आणि तसे का, हे उलगडण्यात फार गंमत आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. जंतरमंतर ७५.८२ वर. फरक ६.६८ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटे, म्हणून जयपूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या २६ मिनिटे ४३ सेकंद मागे. त्यावर पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेची आणि कललेल्या अक्षाची मिळून एक दुरुस्ती, ती वर्षभर बदलते. नोव्हेंबरच्या आरंभी ती सूर्याला सोळा मिनिटांहून अधिक पुढे नेते, म्हणून दिवाळीनंतरच्या दिवसांत यंत्र घड्याळाच्या जेमतेम दहा मिनिटे मागे असते. फेब्रुवारीच्या मध्याला हाच फरक ४१ मिनिटांच्या घरात जातो. ही बेरीज-वजाबाकी मी पायथनच्या काही ओळींत लिहून ठेवली आहे. यंत्र आणि स्टेलॅरियम बहुधा मिनिटभराच्या आत जुळतात. उरलेला फरक सावलीच्या कडेचा असतो. सूर्य ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून कड विरळ होत जाते. जुने निरीक्षक तिथे बारीक दोरा किंवा काडी धरून त्या काडीची स्वतःची सावली विरळ भागात कुठे नाहीशी होते ते पाहत आणि खरी कड ठरवत.

जयसिंहांच्या दरबारात हे गणित संस्कृतात आणणारा माणूस मराठी होता. जगन्नाथ सम्राट, महाराष्ट्रीय ब्राह्मण. जयसिंहांच्या सांगण्यावरून ते अरबी-फारसी शिकले. नसीरुद्दीन तूसीने अरबीत संस्कारलेला युक्लिड त्यांनी ‘रेखागणित’ म्हणून पंधरा अध्यायांत संस्कृतात आणला, आणि टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ही ‘सम्राट सिद्धांत’ या नावाने. शं. बा. दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या मराठी ग्रंथात जयसिंह आणि जगन्नाथ या दोघांचे काम आले आहे. ‘रेखागणित’ छापले गेले ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत, १९०१-०२ मध्ये. ग्रीकातून अरबीत, अरबीतून संस्कृतात. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी बसून ओळ न ओळ उतरवली, शंका आली तिथे टीप दिली. जयसिंहांनी गोव्याच्या वाटेने पोर्तुगालला माणसे पाठवून ल हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके मागवली. आपल्या निरीक्षणांशी ताडून चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक असल्याचे नोंदवले. पुढच्या अभ्यासकांनी असेही दाखवले आहे की झीजमधली कोष्टके बरीचशी त्या ल हीरच्याच कोष्टकांवर बेतलेली आहेत. दुसऱ्याचे घ्यावे, तपासावे, आपल्या जागेपुरते सुधारावे, हे मोकळ्या सॉफ्टवेअरच्या जगात रोज चालते.

पण १७४३ मध्ये जयसिंह वारले आणि पुढे हळूहळू काम थांबले. यंत्रे उघड्यावर होती, त्यांचे तत्त्व कुणापासून लपवलेले नव्हते, ग्रंथ लिहून झाले होते. नव्हती ती माणसे, रोज सकाळी येऊन वेध घेणारी, झिजलेली खूण पुन्हा कोरणारी. जयसिंहांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९०१-०२ मध्ये, लेफ्टनंट गॅरेट यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला. त्यांच्या मदतीला होते चंद्रधर शर्मा गुलेरी, पुढे ‘उसने कहा था’ या कथेने अमर झालेले. तेव्हा ते विशीही न ओलांडलेले जयपूरचे विद्यार्थी होते. दोघांनी मिळून या वेधशाळेवर पुस्तकही लिहिले. आज आषाढी पौर्णिमेला सम्राट यंत्रावर ज्योतिषी चढून वाऱ्याची दिशा पाहतात आणि पावसाचे भाकीत सांगतात. रोजचे वेध मात्र कुणी घेत नाही.

मला लिनक्सवरच्या मराठीची काळजी वाटते ती इथेच. परवाना मोकळा आहे, फॉन्ट आहेत, कळफलक आहे. ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत मराठी आहे, आणि तिचा बराचसा भाग रेड हॅटच्या पुण्याच्या भाषा-मंडळींनी आणि घरी बसून काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी एका दशकात उभा केला. भाषांतराच्या फायलींच्या माथ्यावर त्यांची नावे आजही दिसतात. पण सॉफ्टवेअर दर सहा महिन्यांनी नवे होते. नवी वाक्ये येतात, जुनी बदलतात. भाषांतर नसेल तिथे यंत्र मूळ इंग्रजी वाक्य दाखवते. म्हणून आज ग्नोमच्या सेटिंग मराठीत उघडल्या तर चार ओळी मराठी, मधेच दोन इंग्रजी, पुन्हा एक मराठी. एखाद्या आजीला असा पडदा दाखवला तर ती तो बाजूला सारेल, आणि तिचे बरोबर असेल.

वापर नाही म्हणून हे होते असे कुणी म्हणेल, पण ते खरे नाही. स्टॅटकाउंटरच्या नोंदींत २०२४ मध्ये जगभरच्या डेस्कटॉपांत लिनक्सने चार टक्क्यांची रेघ ओलांडली. भारताचा वाटा त्याहून कितीतरी जास्त होता. देशभरच्या तालुका न्यायालयांत न्यायाधीशांना दिलेल्या लॅपटॉपांवर उबुंटू आहे, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी मूळ प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात मोकळ्या सॉफ्टवेअरवर घडली. तुमच्या खटल्याची पुढची तारीख फोनवर दिसते ती तिच्यामुळे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बेतलेली ‘माया’ स्वीकारायला सुरुवात केली. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सपासून लिबरऑफिसपर्यंतचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. धडा दहाएक मिनिटांचा, शेजारी स्वतःचे यंत्र उघडे ठेवून ऐकता ऐकता करून बघायचा. खेड्यातल्या शिक्षकाला याहून चांगला मार्ग मी सुचवू शकत नाही.

सगळ्यांनी सगळे सोडून लिनक्सवर यावे असे मी म्हणत नाही. जोहरी बाजारातल्या पेढीचे हिशेब टॅलीवर आहेत आणि टॅली विंडोजवर चालते. दागिन्यांचे त्रिमित आराखडे काढणाऱ्यांची प्रचलित सॉफ्टवेअरेही तिथलीच. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लिनक्सवर चालवायला खटपट करावी लागते. त्यांनी आपले यंत्र आहे तसे ठेवावे. मात्र कापडावरच्या छपाईचे ठसे काढणाऱ्या पोरांना मी इंकस्केप हे चित्रे काढण्याचे मोकळे सॉफ्टवेअर दाखवले, तेव्हा आपल्या बुट्ट्यांच्या रेषा फाइलमध्ये साध्या मजकुराच्या रूपात साठतात हे पाहून एक जण तासभर ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आकडे बदलत बसला. बुट्टी लांब होई, आखूड होई. त्याच्या वडिलांनी शिसवी ठोकळ्यावर छिन्नीने जे केले तेच तो आकड्यांनी करून बघत होता.

सध्या मी स्टेलॅरियमच्या मराठी भाषांतरात हात घातला आहे. काम ‘ट्रान्सिफेक्स’ या संकेतस्थळावर चालते. डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे रिकामा चौकोन. नक्षत्रांची नावे सोपी जातात, ती आपलीच आहेत. अडते ते सेटिंगच्या सूचनांपाशी, कारण तिथे वाक्य इतके आखूड हवे की बटणात मावेल. मी दिलेले एक वाक्य तपासनिसाने परत पाठवले. त्यात मूळच्या टक्के-चिन्हाची जागा हलली होती आणि त्यामुळे आकडा भलतीकडे उमटला असता. कारण दोन ओळींत लिहिले होते, मी दुरुस्त केले, ते मंजूर झाले. पुढच्या आवृत्तीबरोबर ते जयपूरपासून गडचिरोलीपर्यंत ज्याच्या यंत्रावर मराठी निवडलेली असेल त्याला दिसेल.

गाळ्याच्या मालकालाही मी खाते उघडून दिले आहे, तो हिंदीचे आणि ढूंढाडी या इथल्या बोलीचे शब्द सुचवतो. ती बी.कॉम.ची मुलगी परवा पुन्हा आली होती, प्रिंटर घेऊन. लिनक्सने तो आपणहून ओळखला. पाने मात्र उलटी छापली जात होती. मालकाने सेटिंग शोधायला सुरुवात केली, तिने त्याच्या हातातून माऊस घेतला आणि स्वतःच शोधायला लागली.